पहिला रॅली सीझन, पोलो १.६, प्रॉडक्शन क्लास: आधी काय, नंतर काय?

गंगापूर_रोड

मंडळी, नमस्कार. टीएसडी (ठरवून दिलेल्या वेळेत अंतर कापायची रॅली) आणि ऑटोक्रॉस (मैदानातल्या छोट्या ट्रॅकवर वेळ लावणं) करून झालं. येत्या सीझनला इंडियन नॅशनल रॅली चॅम्पियनशिपमध्ये १६०० सीसीच्या प्रॉडक्शन क्लासला (कंपनीच्या गाडीत मोजकेच बदल चालणारा गट) नाव द्यायचं नक्की केलंय. गाडी २०१२ ची पोलो १.६ पेट्रोल, आधी रॅलीत पळालेली. केज (आतला पाइपांचा सुरक्षा-सांगाडा) बसवलेला आहे, सीट आणि बेल्ट गाडीसोबतच आलेत. इंजिन कंपनीचं, १०५ पीएस, उघडलेलं नाही. सस्पेन्शनही स्टॉक. नॅव्हिगेटर (शेजारी बसून वाट सांगणारा) माझ्यासारखाच नवा. सर्व्हिसला तिघे, त्यातला एक पक्का मेकॅनिक, बाकी दोघे त्याच्या हाताखाली.

विचारायचंय ते असं. जुना केज स्क्रूटिनीत (स्पर्धेआधीच्या गाडीच्या तपासणीत) चालेल की नव्याने करावा? उरलेला पैसा आधी कशात घालू, डॅम्परमध्ये (शॉक ॲब्सॉर्बर), शॉर्ट रेशो गिअरमध्ये (पिकअप वाढवणारे) की टायरमध्ये? पेसनोट्स (नॅव्हिगेटरने वाचायची वळणांची टिपणं) मराठीत लिहिल्या तर चालतं का? आणि ३० मिनिटांच्या सर्व्हिसमध्ये (रॅलीच्या मधल्या दुरुस्तीच्या वेळेत) तीन माणसांत किती काम उरकतं? पहिल्या वर्षी प्रत्येक राउंडला गाडी शेवटच्या कंट्रोलपर्यंत (वेळ नोंदवायच्या चौकीपर्यंत) न्यायची, एवढंच ठरवलंय.

पत्रा_आणि_पाना

केजपासून सुरुवात करतो. बाकी सगळं सीझनच्या मध्येही बदलता येतं, केज चुकला तर पूर्ण गाडी उघडावी लागते.

आधी पाइप कोणता आहे ते शोधा. एफआयएच्या (आंतरराष्ट्रीय मोटरस्पोर्ट संघटना) परिशिष्ट जे, कलम २५३ मध्ये मापं दिलेली आहेत. मेन हूपला (सीटमागची मोठी कमान) बाहेरचा व्यास ४५ मिमी आणि जाडी २.५ मिमी, किंवा ५० मिमी आणि २ मिमी. बाकीच्या पाइपांना ३८ बाय २.५ किंवा ४० बाय २. पाइप सीमलेस (बिनशिवणीचा), कोल्ड ड्रॉन (थंड ओढून घडवलेला), कार्बन ०.३ टक्क्यांपर्यंत. जुन्या गाडीत खरी भीती रंगाखाली असते. वरून पावडर कोटिंग आणि खाली शिवणीचा ईआरडब्ल्यू पाइप, असंही सापडतं. व्यास कॅलिपरने मोजता येतो, जाडी येत नाही. त्यासाठी अल्ट्रासॉनिक जाडीमापक लागतो. नाशिकच्या सातपूर, अंबडला वेल्डिंग तपासणाऱ्यांकडे तो असतो, अर्ध्या तासाचं काम आहे. प्रत्येक पाइपवर एका जागचा रंग घासून मोजा आणि आकडे लिहून ठेवा.

मग जोड बघा. वेल्ड पाइपभोवती पूर्ण गोल फिरलेला पाहिजे. छताजवळच्या जोडांना वरच्या बाजूने वेल्डिंगचा टॉर्च पोचत नाही, म्हणून घाईत केलेल्या केजमध्ये तिथे पाव भाग वेल्डच नसतो. खालून बघितलं तर काही कळत नाही. दाताच्या डॉक्टरकडे असतो तसला छोटा आरसा आणि मोबाइलचा उजेड घेऊन एकेक जोड बघा. केजचा पाय जिथे फ्लोअरला टेकतो तिथे खाली ३ मिमी जाडीची आणि किमान १२० चौरस सेंमीची प्लेट वेल्ड केलेली हवी. मागच्या तिरक्या पाइपांना ६० चौरस सेंमी चालते. बोल्ट प्रत्येक पायाला किमान तीन, एम ८, ग्रेड ८.८. जुन्या रॅली गाडीत पाण्याचे ओढे ओलांडून ओलांडून याच प्लेटच्या कडेने पत्रा गंजतो. स्क्रूड्रायव्हरने टोचून बघा. टोक आत गेलं तर केज कितीही चांगला असो, तो कुजक्या पत्र्यावर उभा आहे.

माप आणि वेल्ड बरोबर निघाले तर केज बदलू नका. पॅडिंग मात्र नवं घाला. हेल्मेट जिथे जिथे आपटू शकतं तिथे एफआयए ८८५७-२००१ चं पॅडिंग. पाइपलाइनच्या काळ्या इन्शुलेशनचा फोम म्हणजे पॅडिंग नव्हे, तो बोटाने दाबला की पाइप लागतो.

सीट आणि बेल्ट गाडीसोबत आलेत म्हणजे त्यांची मुदत संपलेली असणार, असंच धरून चाला. ८८५५-१९९९ ची सीट तयार झाल्या वर्षापासून ५ वर्षं. बेल्टवर कोणत्या सालापर्यंत चालेल ते छापलेलं असतं. साल गेलं की स्क्रूटिनीत गाडी तिथेच थांबते, आणि ते योग्यच आहे. उन्हात तापून, चिखल-पाण्यात भिजून पट्ट्याची ताकद कमी होते, हाताला ते जाणवत नाही. खांद्याचे पट्टे सीटच्या वरच्या कडेपासून मागे जाताना आडव्या रेषेपासून १० अंशांच्या आसपास खाली जावेत, ४५ च्या पुढे कधीच नाही. जास्त खाली ओढले तर आपटल्यावर तोच पट्टा पाठीचा कणा दाबतो.

बॅटरी कटऑफमध्ये नवख्यांची एक चूक नेहमी सापडते. ट्रॅक्टरच्या दुकानातला दोन टर्मिनलचा स्विच लावतात. त्याने बॅटरी तुटते, पण चालू इंजिन अल्टरनेटरवर चालूच राहतं. स्क्रूटिनीअर इंजिन रेस करून स्विच फिरवतो, इंजिन बंद झालंच पाहिजे. सहा टर्मिनलचा, रेझिस्टर असलेला स्विच लावा. बाहेरच्या खटक्याजवळ पांढऱ्या कडेचा निळा त्रिकोण, पाया किमान १२ सेंमी, आत लाल ठिणगी. हातातला अग्निशामक एएफएफएफ (फेसाचा) असेल तर २.४ लिटरचा, धातूच्या पट्ट्यांनी बांधलेला, दोन वर्षांच्या आत तपासलेला, आणि दोघांनाही बेल्ट लावलेल्या अवस्थेत हाताला येईल असा. टो हुक पुढे-मागे, पिवळा, लाल किंवा नारिंगी रंगवून. बेल्ट कापायचे कटर दोन, दोघांच्याही हाताशी.

एक तत्त्व पक्कं लक्षात ठेवा. प्रॉडक्शन क्लासचं मूळ एफआयएच्या ग्रुप एन या गटात आहे. बारा महिन्यांत एकसारख्या २५०० गाड्या बनलेल्या असाव्यात, अशी ती कल्पना. तिथला नियम असा, की ज्याला स्पष्ट परवानगी लिहिलेली नाही ते सगळं मना आहे. ‘नियमात नको म्हटलेलं नाही’ हा युक्तिवाद चालत नाही. त्या वर्षीची एफएमएससीआयची (भारतातली मोटरस्पोर्ट संघटना) नियमावली छापून घ्या आणि गाडीतल्या प्रत्येक बदलासमोर कलम क्रमांक लिहा. जिथे क्रमांक सापडत नाही तो भाग काढून कंपनीचा लावा.

डावीकडची_सीट

नोट्सबद्दल मी सांगते. नवखा ड्रायव्हर सगळ्यात जास्त वेळ नोट्समध्ये घालवतो किंवा नोट्समध्ये वाचवतो. इंजिनचे दहा पीएस त्यापुढे काहीच नाहीत.

मराठीत लिहायला कुणाची बंदी नाही. पण ‘डावा’ आणि ‘उजवा’ दोन्ही ‘वा’वर संपतात. इंटरकॉममध्ये खडीचा आवाज, गिअरबॉक्सचा आवाज, त्यात आधीची अक्षरं खाल्ली गेली की उरतो नुसता ‘वा’. ‘लेफ्ट’ आणि ‘राइट’ अर्धे ऐकले तरी वेगळे कळतात. म्हणून दिशा इंग्रजीत ठेवा, आकडेही इंग्रजीत. इशारे मात्र ज्या भाषेत तुमचा पाय आपोआप ब्रेकवर जातो त्या भाषेत. ‘आत दगड’, ‘बाहेर खड्डा’, ‘उतार, निसरडं’ हे शब्द छोटे आहेत आणि डोळ्यासमोर चित्र उभं करतात. ते चालवा.

आकड्यांची पद्धत १ ते ६. बहुतेक ठिकाणी ६ म्हणजे जवळजवळ सरळ, १ म्हणजे हेअरपिनच्या आसपास. उलट पद्धतही आहे. कोणती घ्यायची ते ड्रायव्हर ठरवतो, नॅव्हिगेटर नाही, आणि सीझनभर बदलायची नाही. आकडा वेगावर ठरवू नका. वेग ओल्या मातीत वेगळा, कोरड्यात वेगळा. आकडा स्टिअरिंग किती फिरतं त्यावर ठरवा. स्टिअरिंगच्या वर बारा वाजताच्या जागी पिवळी टेप लावा आणि रेकीच्या (स्पर्धेआधी रस्ता बघून नोट्स काढायच्या) गाडीत, मोकळ्या रस्त्यावर, सारख्या हळू वेगात वळणं घेऊन बघा, टेप कुठे गेली की तो ५, कुठे गेली की तो ३. गंगापूर धरणाच्या मागच्या बाजूला किंवा त्र्यंबकच्या वाटांवर असे रस्ते भरपूर आहेत. रोज वीस किलोमीटर नोट्स काढा, परत येताना त्याच नोट्स वाचून चालवा. वेग कायद्यातला. इथे वेगाचा काही संबंध नाही, ड्रायव्हर प्रत्येक वेळी त्याच वळणाला तोच आकडा म्हणतो का, एवढंच बघायचंय. दोन दिवसांनी त्याच रस्त्याच्या नोट्स कोऱ्या वहीत परत काढा आणि जुन्या वहीशी जुळवून बघा. शंभरातले नव्वद आकडे जुळायला लागले की तुमची पद्धत बसली.

रेकीला बहुतेक दोनच फेऱ्या मिळतात. पहिल्या फेरीत ड्रायव्हर बोलतो, नॅव्हिगेटर लिहितो. दुसऱ्यात नॅव्हिगेटर वाचतो, ड्रायव्हर फक्त दुरुस्त करतो. तिसरा विचार दुसऱ्या फेरीत आणू नका. नव्या जोडीचं बिनसतं ते इथेच. दुसऱ्या फेरीत ड्रायव्हरला सगळं नव्याने सांगावंसं वाटतं, वही खोडाखोडीने भरते, आणि स्टेजमध्ये (वेळ लावलेल्या बंद रस्त्याच्या तुकड्यात) नेमकी ती ओळ वाचता येत नाही. एका ओळीत दोन-तीन नोटांपेक्षा जास्त लिहू नका. पान उलटायची जागा लांब सरळीच्या आधी येईल अशी ठेवा. स्पायरल वही, मऊ पेन्सिल, आणि तिसरी पेन्सिल दोरीने सीटला बांधलेली.

वाचण्याची वेळ: साधारणपणे ड्रायव्हर एका वळणात शिरत असताना पुढच्याची नोट त्याच्या कानात पडलेली असावी. जलद भागात दोन पुढे. नवा नॅव्हिगेटर घाबरला की भराभर वाचत सुटतो, मग ड्रायव्हरच्या डोक्यात चार वळणं एकदम जमा होतात आणि तो आठवणीवर चालवू लागतो. नॅव्हिगेटर हरवला तर त्याने गप्प बसू नये, ‘थांब’ म्हणावं. ड्रायव्हर डोळ्यांवर चालवेल. नॅव्हिगेटरने पुढचं जंक्शन किंवा मोरी शोधून तिथून परत पकडावं.

आता टाइम कार्ड. स्टेजमध्ये ढोर मेहनत करून मिळवलेले १० सेकंद इथे एका मिनिटात जातात. समजा तुम्ही १०:४२ ला निघालात आणि पुढच्या कंट्रोलला ३५ मिनिटं दिली आहेत. तुमची वेळ ११:१७. पिवळ्या घड्याळाच्या पाटीच्या आत गाडी ११:१६ वाजल्यापासून नेता येते. पण कार्ड मार्शलच्या हातात ११:१७:०० ते ११:१७:५९ यातच द्यायचं. ११:१८ उजाडले तर उशिराचे मिनिटाला १० सेकंद. आणि ११:१६ ला दिलं तर लवकर आल्याचं पूर्ण एक मिनिट. नवख्यांना हा उफराटा हिशेब पटत नाही, लवकर आलो तर बक्षीस मिळेल असं वाटतं. पाटीच्या आधी थांबा, नॅव्हिगेटर उतरून चालत जाऊन टेबलावरचं घड्याळ बघून येईल, मग गाडी आणा. कार्डावर मार्शलने लिहिलेला आकडा तिथेच वाचा. चूक असेल तर तिथेच दुरुस्त करून सही घ्या.

स्टेजच्या शेवटी लाल चेकर्डची पाटी ओलांडली की वेळ थांबते. पण पिवळ्या चेकर्डपासून ‘स्टॉप’च्या लाल पाटीपर्यंत मध्ये थांबायचं नाही. धूर येत असला, टायर फुटलेला असला तरी रांगत स्टॉपपर्यंत जा.

आणि बंद पडलात तर पहिलं काम: त्रिकोण किमान ५० मीटर मागे, येणाऱ्या गाडीला दिसेल असा, वळणाच्या अलीकडे. मग ‘ओके’ किंवा ‘एसओएस’ची पाटी. ती दोघांनाही अंधारात, उलट्या गाडीत हाताला आली पाहिजे. सीटच्या मागे खोचलेली पाटी गाडी उलटल्यावर सापडत नाही.

घाटवळण

पैसा कशात घालायचा ते विचारलंय. क्रम असा: सम्प गार्ड (इंजिनाखालच्या तेलाच्या भांड्याची ढाल), डॅम्पर, टायर. गिअर दुसऱ्या वर्षी.

ताईंनी नोट्सचं सांगितलं त्याला जोडून एक गोष्ट, जी प्रॉडक्शन क्लासच्या नवख्याला कुणी आधी सांगत नाही. तुम्हाला सीडिंग (अनुभवी ड्रायव्हरांना मिळणारा पुढचा क्रमांक) नसणार, म्हणजे तुमच्या आधी वीस-पंचवीस गाड्या गेलेल्या असतील. रेकीला तुम्ही बघितलेला रस्ता आणि स्पर्धेत तुम्हाला मिळालेला रस्ता हे दोन वेगळे रस्ते असतात. पुढच्या गाड्यांनी प्रत्येक वळणाची आतली कड खणलेली असते. मुरमाखालचा बेसाल्टचा दगड, जो रेकीला मातीत गाडलेला होता, तो आता टोक वर करून लाइनवर पडलेला असतो. आपल्या नाशिक, पुण्याकडच्या वाटांवर हा काळा दगड टायरच्या बाजूची भिंत ब्लेडसारखी कापतो. चिकमगळूरच्या कॉफीच्या बागांतली लाल माती वेगळी. तिथे दगड कमी, पण सकाळच्या दवाने वरचा थर साबणासारखा होतो, आणि रस्त्याच्या कडेला पाण्याची चर असते. चाक त्यात गेलं की गाडी आपोआप आत ओढली जाते. कोइम्बतूरकडच्या पवनचक्क्यांच्या मोकळ्या रानात आणखी निराळं: सरळ भाग, वेग जास्त, आणि वारा पडला की पुढच्या गाडीची धूळ हवेत तशीच उभी. तिथे धुळीसाठी जास्त अंतराची मागणी आयोजकांकडे करता येते, लाजू नका.

म्हणून नोट्समध्ये जिथे तुम्ही ‘कट’ (वळणाची आतली कड कापून जा) म्हटलंय तिथे स्पर्धेत त्या स्टेजच्या दुसऱ्या फेरीला कट करू नका. हा नियम पहिल्या वर्षी कधीच मोडू नका. एका कटने मिळतात दशांश सेकंद, लोअर आर्म वाकला तर जाते रॅली.

डॅम्परबद्दल. स्टॉक पोलोचा पुढचा स्ट्रट (स्प्रिंग आणि डॅम्परचा जोड) रस्त्यासाठी आहे. खडबडीत स्टेजमध्ये पाच-सहा किलोमीटर सलग पळाला की तेल तापून पातळ होतं, गाडी लाटेवर नाचायला लागते, मग बंप स्टॉपवर (शेवटच्या रबरी अडथळ्यावर) आपटते, आणि आपटण्याचा सगळा मार स्ट्रटच्या वरच्या माउंटवर येतो. तिथला पत्रा छत्रीसारखा वर फुगतो. प्रत्येक स्टेजनंतर बॉनेट उघडून माउंटभोवती हात फिरवा. फुगवटा किंवा रंगाला बारीक चीर दिसली तर पुढची स्टेज जपून. परदेशी ग्रॅव्हल डॅम्पर परवडत नसतील तर स्ट्रटची नळी जाड करून, आत मोठ्या रॉडचं इन्सर्ट घालून, व्हॉल्व्हिंग बदलून देणारे कारागीर कोइम्बतूर, बेंगळुरूकडे आहेत. माउंटिंगच्या जागा आणि डॅम्परचा प्रकार तोच ठेवायचा, हे नियमाला धरून आहे की नाही ते वर पत्रा_आणि_पाना म्हणतात तसं कलम काढून बघा. उंची स्टॉकपेक्षा २० मिमीच्या आसपास वर. त्याहून वर नेलीत तर ड्राइव्हशाफ्टचा (चाक फिरवणारा दांडा) सीव्ही जॉइंट वाईट कोनात चालतो, बूट फाटतो, ग्रीस उडतं, आणि पुढच्या स्टेजला शाफ्ट कटकट करत बसतो.

सम्प गार्ड ६ मिमी ॲल्युमिनियम मिश्रधातूचा, गिअरबॉक्सच्या मागेपर्यंत पोचणारा. पोलोचा सम्प ॲल्युमिनियमचा आहे, तो वाकत नाही, फुटतो. गार्ड आणि सम्प यांच्यात किमान २५ मिमी जागा ठेवा. गार्ड लवचिक असतो, चिकटून बसवला तर मार थेट सम्पला पोचतो. तेल बदलण्यासाठी भोक ठेवा आणि दर सर्व्हिसला आत अडकलेली माती काढा. ओली माती भरली की हवा अडते, इंजिन तापतं, आणि पुढे नाहक वजन वाढतं.

टायरमध्ये हवा दगडाळ मुरमावर २८ ते ३० पीएसआय, मऊ ओल्या मातीवर २४ ते २६. थंड टायरमध्ये, सावलीत, एकाच गेजने मोजून. ब्रेकला पॅड बदलायची परवानगी असते ती घ्याच, आणि ब्रेक ऑइल प्रत्येक रॅलीआधी पूर्ण नवं. डॉट ४ कोरडं असताना किमान २३० अंशांना उकळतं, पाणी शोषलेलं असेल तर तीच किमान मर्यादा १५५ ची. घाट उतरणाऱ्या स्टेजमध्ये पेडल एकदम फरशीला लागतं ते याच ७५ अंशांमुळे.

आणि चालवण्याबद्दल एवढंच: पहिल्या स्टेजला ऐंशी टक्के, शेवटच्या स्टेजलाही ऐंशी टक्केच. सीझनच्या मध्यापर्यंत तुमचे ऐंशी टक्के आपोआप जलद होतात, जोर न लावता.

गंगापूर_रोड

खूप आभार. वही, आरसा आणि नियमावली तिन्ही कामाला लावतो. दोन गोष्टी अजून. पोलोला चाकाला स्टडऐवजी बोल्ट आहेत, स्टेजमध्ये पंक्चर झालं तर बदलायला किती वेळ धरावा, आणि कधी न बदलता तसंच पळावं? आणि सर्व्हिसचं कुणी सांगेल का?

सर्व्हिस_३०

चाकाचं आधी. पोलोचा बोल्ट एम १४, आटा १.५, घट्टपणा १२० न्यूटन मीटर. बोल्टच्या गाडीत चाक हातात धरून भोक जुळवावं लागतं, चिखलात ते फार छळतं. नियम परवानगी देत असेल तर स्टड कन्व्हर्जन करा. नसेल तर गाइड पिन बनवून घ्या: त्याच आट्याचा, डोकं कापलेला १०० मिमीचा बोल्ट. तो एका भोकात फिरवायचा, चाक त्यावर सरकवायचं, बाकी चार बोल्ट हाताने लावायचे, मग पिन काढून पाचवा. नव्या जोडीला पहिल्यांदा पाच मिनिटं लागतात. हेल्मेट, हान्स (मान सांभाळणारं उपकरण), ग्लोव्हज घालून, उतारावर, वीस वेळा सराव करा, अडीच मिनिटांपर्यंत येतं. कामाची वाटणी ठरलेली हवी. नॅव्हिगेटर जॅक आणि त्रिकोण, ड्रायव्हर पाना. जॅक चढवायच्या आधी बोल्ट पाव फेरा सैल करायचे. स्टेपनी पट्ट्याने घट्ट बांधलेली हवी, फाटलेलं चाक परत तितकंच घट्ट बांधायला विसरू नका, उलटलेल्या गाडीत सुटं चाक म्हणजे तोफेचा गोळा.

स्टेजचे ३ किलोमीटर किंवा कमी उरले असतील तर थांबू नका. पुढचं चाक असेल तरी हळू पळवा. टायर रिमवरून सुटून ब्रेक पाइपला किंवा मडगार्डला मारायला लागला तर मात्र लगेच थांबा. तो रबराचा पट्टा एक किलोमीटरमध्ये ब्रेक होज तोडतो. ३ किलोमीटरहून जास्त अंतर असेल तर रस्त्याच्या रुंद, सपाट जागी, मागून येणाऱ्याला वाट सोडून बदला.

आता ३० मिनिटं, तीन माणसं. तिघांत सगळं होतं, पण क्रम आधी कागदावर लिहिलेला असेल तरच. गाडी ताडपत्रीवर येते, इंजिन बंद, चार स्टँडवर. पहिली ४ मिनिटं मेकॅनिकने पाना हातात घ्यायचा नाही. ड्रायव्हर फक्त काय जाणवलं ते सांगतो: कुठे ओढते, काय वाजतं, पेडल कसं आहे. मेकॅनिक ऐकतो, तेवढ्यात बाकी दोघे चाकं काढतात. पुढची १० मिनिटं मेकॅनिक पुढच्या बाजूला: बॉल जॉइंट, टाय रॉड एंड, सीव्ही बूट, स्ट्रटचे खालचे बोल्ट, इंजिनचा खालचा माउंट. दुसरा मागच्या बाजूला: ॲक्सल बीमचे बुश, हँडब्रेकची केबल, एक्झॉस्टचे हँगर. तिसरा गार्डमधली माती, रेडिएटरची जाळी, काचा, दिवे, तेल-पाणी. वीस मिनिटांवर एक जण मोठ्याने वेळ सांगतो, आणि त्यानंतर नवं कोणतंही काम उघडायचं नाही. पंचविसाव्या मिनिटापर्यंत चाकं आणि टॉर्क रेंच उरकलेलं. पाच मिनिटं टाइम कंट्रोलसाठी राखीव.

घरी असताना प्रत्येक महत्त्वाच्या नटावर पिवळ्या पेंटने नट आणि पत्रा यांवरून जाणारी एक सरळ रेघ ओढा. नट सैल झाला तर रेघ तुटते. टॉर्चच्या एका झोतात वीस नट तपासून होतात, पाना लावायची गरज नाही.

स्पेअरमध्ये: पुढचे दोन स्ट्रट स्प्रिंग आणि माउंटसकट जोडून तयार, दोन्ही लोअर आर्म बॉल जॉइंटसकट, डावा-उजवा ड्राइव्हशाफ्ट, टाय रॉड एंड दोन्हीकडचे, एक नकल हब आणि बेअरिंगसकट, रेडिएटर आणि पंखा, इंजिन माउंटचा सेट, क्लच सेट, बेल्ट, फ्युएल पंप, इग्निशन कॉइल, क्रँक सेन्सर, ब्रेक होज चार. सुटे भाग सुटे आणू नका. जोडलेला स्ट्रट तीन-चार बोल्टांत बदलतो. सुटा असेल तर स्प्रिंग कॉम्प्रेसर शोधण्यात सर्व्हिस संपते.

गाडीच्या आत मात्र थोडंच: १६, १८, २१ चे पाने, पक्कड, डक्ट टेप, केबल टाय, एक मीटर बाइंडिंग वायर, टो पट्टा, एमसील, अंगाच्या साबणाची वडी, तीन लिटर पाणी. पेट्रोलची टाकी दगडाने ओली झाली तर साबण कोरडाच चिरेवर घासा, पेट्रोलमध्ये तो विरघळत नाही, पुढच्या सर्व्हिसपर्यंत धरतो. एमसील टाकीवर नको, आणि तेलकट सम्पवरही चिकटत नाही. आधी कापडाने, मग मातीने घासून कोरडा करा, मगच. पेट्रोल सर्व्हिसमध्ये भरायचं नाही, नेमलेल्या रिफ्युएलिंगच्या जागीच. स्टेजमध्ये साडेतीन-चार किलोमीटरला एक लिटर धरा, मधल्या रस्त्यांवर दहाला एक. १२० किलोमीटर स्टेज आणि २५० किलोमीटर रस्ता म्हणजे साठेक लिटर. एका भरणीत ते होत नाही, रोड बुकमध्ये रिफ्युएलिंगच्या जागा आधी खूण करून ठेवा.

पत्रा_आणि_पाना

कागदांचं राहिलं होतं. एफएमएससीआयचं स्पर्धा लायसन्स ड्रायव्हर आणि नॅव्हिगेटर दोघांचं वेगवेगळं लागतं, सोबत डॉक्टरांचा फिटनेस दाखला. दोन स्टेजमधला रस्ता हा सार्वजनिक रस्ता आहे. तिथे आरसी, थर्ड पार्टी विमा, पीयूसी, नंबर प्लेट, हॉर्न, इंडिकेटर सगळं चालू हवं. स्टेजमध्ये गाडीचं काही झालं तर मोटर विमा मिळत नाही. संघटित शर्यत आणि वेगाची चाचणी पॉलिसीतून वगळलेली असते. म्हणून गाडी दुरुस्तीचा पैसा सीझनच्या सुरुवातीलाच बाजूला काढून ठेवा, निदान एक पुढची बाजू नवी बसेल एवढा. गाडी चालवत रॅलीला नेऊ नका, फ्लॅटबेडवर न्या. परत येताना ती चालेलच असं धरू नका.

गंगापूर_रोड

जाडीमापकवाल्याशी बोलणं झालं, परवा अंबडला गाडी नेतोय. एकेका पाइपवर एकच जागा मोजायची ना?

पत्रा_आणि_पाना

सरळ पाइपवर एक पुरे. वाकवलेल्या पाइपवर वाकणाच्या बाहेरच्या पाठीवर मोजा, आतल्या बाजूला नाही. वाकवताना पाइप बाहेरच्या बाजूला ताणला जाऊन पातळ होतो, म्हणून सरळ भागात २.५ मिमी दाखवणारा पाइप तिथे कमी निघतो. थोडा कमी ठीक. पण मेन हूपच्या वरच्या दोन्ही वाकणांवर आणि पुढच्या काचेलगतच्या पाइपवर २.५ चा आकडा २ च्या खाली गेला, किंवा वाकणाच्या आतल्या बाजूला सुरकुत्या दिसल्या, तर तो पाइप गरम करून किंवा चुकीच्या डायवर वाकवलेला आहे. तेवढा केज काढून नवा करा. आकडे इथे टाका, वाकणांचे फोटोही टाका, रंग घासल्यानंतरचे.